कॅसेट कुणाची?

१९९० च्या दशकातल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या ज्यांनी टीव्हीसमोर मांडी घालून घालवल्या, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. व्हिडिओ गेमची कॅसेट चालेना, की ती उपसायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. पडद्यावर चित्र आलं, की फुंकरीला गुण आला असं समजायचं. खरं तर तोंडातल्या दमटपणानं आतल्या पट्ट्या खराबच होत असत. पण हे आम्हाला सांगणार कोण?

आमच्या गल्लीत तीन घरांत मिळून तीन गेम होते आणि कॅसेटा अकरा. कुणाची कॅसेट कुणाकडे गेली आहे याची नोंद ठेवायला एक वही होती. अक्षर बरं म्हणून ती माझ्याकडे असे. 'मारिओ', 'सर्कस', 'कॉन्ट्रा', रणगाड्यांचा तो 'टँक', अशी नावं आणि पुढे देण्याची व घेण्याची तारीख. 'कॉन्ट्रा' चार दिवसांच्या बोलीवर गेली ती महिनाभर परत आली नाही, म्हणून दोन घरांतलं बोलणं बंद पडल्याचंही मला आठवतं. पण त्या वहीच्या जोरावर ज्यांच्याकडे एकच कॅसेट होती, ती मुलंही अकरा गेम खेळली.

आज चाळिशी उलटली तरी मी खेळतो. पाहुणे "अजून?" म्हणून विचारतात, तेव्हा क्रिकेट पाहणाऱ्याला असं कुणी विचारत नाही, एवढंच मी म्हणतो. खेळतो म्हणून या धंद्याच्या बातम्याही आवडीनं वाचतो. मागच्या दिवाळीत भाच्यानं मला विचारलं, "मामा, हा गेम माझा खेळून संपला. आता मित्राला कसा देऊ?" त्याच्या आईनं त्या गेमचे पाच हजारांच्या आसपास रुपये मोजले होते. गेम इंटरनेटवरून उतरवलेला होता. मी त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, नाही देता येणार. "पण विकत घेतलाय ना आपण?" या त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे एका वाक्यात उत्तर नव्हतं. ते उत्तर पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे. आजचं बोलणं त्याविषयी.

घरातल्या टीव्हीवर खेळ खेळता येईल ही कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याला १९६६ च्या उन्हाळ्याअखेर न्यूयॉर्कमध्ये बसची वाट पाहताना सुचली. बेअर मूळचे जर्मनीतले ज्यू. नाझींच्या छळामुळे त्यांचं कुटुंब १९३८ साली अमेरिकेत आलं होतं. त्यांच्या प्रयोगातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचं 'ओडिसी' हे यंत्र बाजारात आलं. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर प्लास्टिकचा रंगीत पडदा चिकटवावा लागे. यंत्रासोबत कार्डं मिळत, पण त्यांच्यात खेळ साठवलेला नसे. यंत्राच्या आतल्या तारा कशा जोडायच्या एवढंच ती ठरवत. म्हणजे खेळ यंत्रातच होता. यंत्र घेतलं की खेळ आपला झाला, प्रश्न मिटला.

यंत्र एक आणि खेळ वेगळा, ही फारकत १९७६ साली झाली. अल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीतल्या दोघांची मूळ कल्पना होती. फेअरचाइल्ड कंपनीतले अभियंते जेरी लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला विकण्याजोगं रूप दिलं. खेळ एका चिपमध्ये भरायचा, चिप प्लास्टिकच्या डबीत बसवायची आणि डबी यंत्रात खोचायची. घरातलं पोर ती शेकडो वेळा काढणार, घालणार, तरी यंत्र बिघडता कामा नये, ही त्यातली खरी अडचण होती आणि ती त्यांनी सोडवली. लॉसन हे त्या काळी या क्षेत्रात अगदी थोडे असलेल्या कृष्णवर्णीय अभियंत्यांपैकी एक. त्यांचं नाव लोकांना फार उशिरा कळलं. गंमत अशी, की त्या डब्यांचा आकार तेव्हाच्या गाण्यांच्या जाड टेपसारखा ठेवला होता. आपण तिला 'कॅसेट' म्हणत आलो, ते अगदीच चुकीचं नव्हतं.

या यंत्राचं नाव होतं 'चॅनल एफ'. ते फार चाललं नाही. कल्पनेचं सोनं केलं ते 'अटारी'नं. १९७७ साली आलेल्या अटारीच्या यंत्रानं अमेरिकेतल्या घराघरांत कॅसेट पोहोचवली. पण खेळ वेगळा झाल्याबरोबर एक नवा वाद जन्माला आला. खेळ लिहिणारे कामगार अटारीचे नोकर होते. लाखो डॉलरचा धंदा करून देणाऱ्या खेळावर त्यांचं नाव नसे आणि विक्रीतला हिस्साही त्यांना मिळत नसे. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅप्लन आणि बॉब व्हाइटहेड हे चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी काढली. यंत्र अटारीचं, खेळ आमचे! अटारीनं दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवून विकण्याची वाट मोकळी झाली.

वाट मोकळी होताच तिच्यावर गर्दी लोटली. ओटसचं पीठ विकणाऱ्या क्वेकर कंपनीनंसुद्धा गेमचा विभाग काढला. दुकानांत कॅसेटांचे ढीग लागले. कोणती चांगली, कोणती टाकाऊ हे डबीवरच्या चित्रावरून कळण्याची सोय नव्हती. अटारीनं स्वतःही कमी घोळ घातला नाही. गाजलेल्या 'ई.टी.' चित्रपटावरचा गेम १९८२ च्या नाताळात दुकानांत हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाकडून सुमारे पाच आठवड्यांत लिहून घेतला आणि कॅसेटा मात्र लाखोंनी छापल्या. ७ डिसेंबर १९८२ ला कंपनीनं अंदाजाइतकी विक्री होणार नाही असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मालक कंपनीचा, वॉर्नरचा, शेअर एका फटक्यात सुमारे एकतृतीयांशानं कोसळला.

त्यापुढचं वर्ष हाहाकाराचं. दुकानदारांनी न खपलेला माल परत पाठवला. ज्या कंपन्या बुडाल्या होत्या, त्यांचा माल कवडीमोल विकला गेला आणि त्यापुढे चांगला गेमही पूर्ण किमतीला कुणी घेईना. १९८३ साली सुमारे ३२० कोटी डॉलरची असलेली अमेरिकेतली ही बाजारपेठ १९८५ पर्यंत दहा कोटींवर आली, असं सांगितलं जातं. अटारीनं १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत ट्रक भरभरून कॅसेटा पुरल्या. कित्येक वर्षं लोक ही दंतकथाच समजत. २६ एप्रिल २०१४ ला तिथं खणलं, तेव्हा 'ई.टी.'सह अनेक खेळांच्या सुमारे तेराशे कॅसेटा बाहेर काढण्यात आल्या.

ही घटना मी लांबवून सांगितली, कारण पुढच्या साऱ्या कुलपांची चावी इथं आहे. क्योटोमधली 'निन्टेंडो' ही १८८९ साली हानाफुदा या पत्त्यांच्या निर्मितीसाठी सुरू झालेली कंपनी. तिनं १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र आणलं. तेच नव्या रूपात अमेरिकेत न्यायचं ठरलं, तेव्हा तिथले दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की हात जोडत होते. म्हणून निन्टेंडोनं १९८५ साली सोबत एक छोटा रोबो दिला आणि यंत्र खेळणं म्हणून विकलं. पण खरी युक्ती आत होती. यंत्रात एक कुलपाची चिप होती आणि तिच्याशी जुळणारी दुसरी चिप कॅसेटमध्ये. दोघींची ओळख पटली तरच खेळ सुरू. कॅसेट बनवून देणार निन्टेंडो, वर्षाला पाचच खेळ काढता येणार, आणि ते खेळ दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर न्यायचे नाहीत, अशा अटी खेळ बनवणाऱ्यांवर लादल्या. अटी जाचक होत्या, पण धंदा सावरला हेही खरं. नियंत्रण नसल्यामुळे जे बुडालं होतं, ते नियंत्रणानं तरलं. या उद्योगानं त्यातून जो धडा घेतला, तो मात्र असा, की कुलूप जितकं घट्ट तितका धंदा सुरक्षित.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं. त्यामुळे तैवान-चीनमधल्या कारखान्यांना त्याची नक्कल करणं सोपं गेलं आणि त्या नकला आशियाभर पसरल्या. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आलेलं यंत्र याच जातीचं. 'एकात नऊ हजार नऊशे नव्याण्णव' असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजून दहा-बारा खेळ असत, बाकी आकड्यांचा खेळ! मूळ कलावंतांना आमच्या खिशातला एक पैसाही पोहोचला नाही. हे कबूल करूनच पुढं बोललं पाहिजे. मी हक्कांची भाषा करतो तेव्हा माझी पिढी त्या बाबतीत धुतल्या तांदळाची नव्हती, याची मला जाणीव आहे.

पण एक गोष्ट त्या काळात कुठल्याही कुलपानं अडवली नव्हती. अस्सल कॅसेटसुद्धा हातातून हातात जाऊ शकत होती. कंपन्यांना हे रुचत होतं असं नाही. अमेरिकेत कॅसेटा भाड्यानं देणं निन्टेंडोला खुपत होतं. १९९० साली तिथं संगणकाच्या प्रोग्रॅमला भाड्यानं देण्याची मनाई करणारा कायदा झाला, पण त्यातून गेमच्या कॅसेटा वगळल्या गेल्या. जपानमध्ये खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांनी जुन्या खेळांच्या विक्रीविरुद्ध लढा दिला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २००२ मध्ये न्यायालयानं दुकानदारांच्या बाजूनं निकाल दिला. एकदा विकलेली वस्तू पुढं कुणी कुणाला विकावी, हे मूळ विक्रेत्यानं सांगायचं नाही, हे त्यामागचं साधं तत्त्व. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक घेताना आपण लेखकाची परवानगी मागत नाही, तसंच हे.

मधल्या काळात सोनीचं 'प्लेस्टेशन' आलं. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये निघालेल्या या यंत्रानं महागड्या चिपऐवजी स्वस्त सीडी वापरली. सीडी झटपट आणि थोडक्या पैशांत छापता येई. त्यामुळे खेळ बनवणारे सोनीकडे वळले. २००० साली आलेलं 'प्लेस्टेशन टू' १६ कोटींच्या वर खपलं. कॅसेटची जागा चकतीनं घेतली, पण चकतीही हातात धरता येत होती. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात एक डिस्क देऊन वर थोडे पैसे टाकून दुसरी घ्यायची, या सोयीवर आमच्यासारख्या मध्यमवर्गीय पोरांचा शौक पोसला गेला.

मग आला २०१३ चा जून महिना. खेळणाऱ्यांच्या मताला काही किंमत आहे का, असं कुणी विचारलं तर मी त्याला हा महिना आठवून देतो. मायक्रोसॉफ्टनं आपल्या नव्या 'एक्सबॉक्स वन'चे नियम जाहीर केले. यंत्रानं चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे, नाहीतर खेळ बंद. गेम मित्राला देता येईल, पण तो मित्र तुमच्या यादीत किमान तीस दिवस असला पाहिजे, आणि तेही एकदाच. जगभरातून संतापाची लाट उसळली. १० जूनला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सोनीच्या जॅक ट्रेटन यांनी आपल्या 'प्लेस्टेशन फोर'वर जुने गेम चालतील, उसने देता येतील, एवढंच सांगितलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर सोनीनं एक चित्रफीत काढली. गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डिस्कची डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो, संपली फीत. वीसेक सेकंदांची! १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं नियम मागे घेतले. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती म्हणतात, तसं झालं. त्या पिढीच्या शर्यतीत ते यंत्र सोनीच्या निम्म्यावरही पोहोचलं नाही.

आम्ही तेव्हा जिंकलो असं वाटलं. आज मागं वळून पाहताना लक्षात येतं, की जे नियमांनी साधलं नाही ते सोयीनं साधलं. घरबसल्या खरेदी, सवलतींचे सेल, दुकानात जाण्याची दगदग नाही. २०२० साली आलेल्या 'प्लेस्टेशन फाइव्ह'चं एक रूप डिस्कच्या कप्प्याशिवायच होतं. २०२४ साली आलेल्या महागड्या 'प्रो'मध्ये तर कप्पा हवा असेल तर वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि जून २०२५ मध्ये निन्टेंडोनं 'स्विच टू'सोबत नव्या तऱ्हेची कार्डं आणली. दिसायला कॅसेट, पण काही कार्डांत खेळ नाहीच, फक्त किल्ली आहे. कार्ड खोचा आणि खेळ इंटरनेटवरून उतरवा. ही किल्ली मित्राला देता येते हे मान्य. पण ती चालणार पलीकडचं कोठार उघडं आहे तोवरच. १९७२ च्या ओडिसीच्या कार्डात खेळ नव्हता. त्र्याहत्तर... नव्हे, त्रेपन्न वर्षांनी आपण फिरून खेळ नसलेल्या कार्डापाशी आलो!

कोठारं बंद होतात ही नुसती भीती नाही. निन्टेंडोनं 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' या यंत्रांची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद केली. 'एक्सबॉक्स ३६०'चं दुकान जुलै २०२४ मध्ये मिटलं. सोनीनं २०२१ साली 'प्लेस्टेशन थ्री'चं दुकान बंद करण्याचं जाहीर केलं होतं, पण खेळणाऱ्यांच्या नाराजीमुळे तो बेत रद्द करावा लागला. ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्टनं २०१४ मधल्या 'द क्रू' या मोटारींच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. एकट्यानं खेळायचा भागही त्या सर्व्हरवर अवलंबून होता. त्यामुळे पैसे देऊन घेतलेली डिस्क नुसती बशी होऊन बसली.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी तिथं निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असं तिच्यात आढळलं. संशोधकांना असे खेळ दुरून पाहता यावेत म्हणून ग्रंथालयांनी सवलत मागितली, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. आपल्याला याचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. तेव्हा जपायला हवं हे कुणाला सुचलं नाही. गेमच्या बाबतीत सुचलं आहे, पण हात बांधलेले आहेत.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आजचे मोठे खेळ शंभर गिगाबाइटच्या पुढं जातात, एवढी जागा असलेली कॅसेट महाग पडते. इंटरनेटवरच्या विक्रीमुळे चार मित्रांनी मिळून केलेला छोटा खेळही जगभर पोहोचतो. डिस्क छापायला त्यांच्याकडे पैसे कुठून असणार? सर्व्हर चालवायला खर्च येतो आणि खेळणारे उरले नाहीत तरी तो कायम चालू ठेवा, असं कुणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की विकताना खरं सांगा आणि बंद करताना वाट ठेवा. पहिल्या गोष्टीची सुरुवात झाली आहे. कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या प्रारंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असा शब्द दुकानाला वापरता येत नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी युरोपात मोहीम सुरू झाली. 'द क्रू' बंद पडल्यानंतर उभ्या राहिलेल्या या मोहिमेच्या मागणीपत्रानं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी माफक आहे. सर्व्हर बंद करताना खेळ निदान आपल्या घरी, आपल्या यंत्रावर चालेल अशा अवस्थेत ठेवून जा. घर सोडताना भाडेकरूनं दिवा बंद करावा, पण विहीर बुजवू नये, इतकी साधी ही अपेक्षा आहे.

१९८३ साली या धंद्याला वाटलं, की आपण कुलूप नसल्यामुळे बुडालो. मला वाटतं ते अर्धंच खरं आहे. गिऱ्हाइकाला डबीत काय मिळणार हे कळत नव्हतं, म्हणून त्याचा विश्वास उडाला आणि विश्वास उडाला म्हणून धंदा बुडाला. आज डबीच नाही आणि आपण काय विकत घेतो आहोत हे पुन्हा नीटसं कळेनासं झालं आहे. धडा घ्यायचाच तर तो इथला घ्यावा.

भाच्याला मी शेवटी त्याच्या वाढदिवसाला डिस्कवरचा एक गेम आणून दिला, मुद्दाम जुना, दुसऱ्याचा वापरलेला. डबीच्या आत आधीच्या मालकानं पेनानं स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. महिनाभरात भाच्यानं तो संपवला आणि मित्राला दिला. परवा त्याचा फोन आला. मित्र डिस्क परत करत नाही, अशी तक्रार होती. मी म्हटलं, एक वही कर.